प्रश्नाच्या पोटातला प्रश्न : डेटाबेसचा नियोजक आणि सबक्वेरी

‘ज्या खात्यांवर गेल्या वर्षभरात एकही व्यवहार झालेला नाही, ती खाती दाखव’ असे बँकेच्या संगणकाला सांगताना ती खाती कशी शोधावीत हे सांगावे लागत नाही. एसक्यूएल या भाषेत काय हवे एवढेच लिहायचे असते. कोणते टेबल आधी उघडायचे, कोणत्या इंडेक्सचा आधार घ्यायचा, कोणती ओळ कितीदा वाचायची, याचा निर्णय डेटाबेस प्रणालीतील एक स्वतंत्र घटक घेतो. त्याला क्वेरी प्लॅनर, म्हणजेच प्रश्नाचा नियोजक म्हणतात. ऑप्टिमायझर हे त्याचेच दुसरे नाव. उत्तर चार सेकंदांत मिळणार की चार तासांत, हे पुष्कळदा त्याच्या एखाद्या निर्णयावर ठरते. हा नियोजक वर्षानुवर्षे सर्वाधिक अडखळत आला आहे तो सबक्वेरीपाशी, म्हणजे एका प्रश्नाच्या पोटात घातलेल्या दुसऱ्या प्रश्नापाशी.

वरच्या उदाहरणातच असे दोन प्रश्न दडलेले आहेत. बाहेरचा प्रश्न खात्यांचा, आतला व्यवहारांचा. आतला प्रश्न दोन प्रकारे मांडता येतो. ‘वर्षभरात ज्यांच्यावर व्यवहार झाले त्या सर्व खात्यांचे क्रमांक काढ’ असे म्हटले, तर तो स्वतंत्र आहे. एकदा सोडवला की काम झाले. ‘समोर असलेल्या या खात्यावर वर्षभरात व्यवहार झाला आहे काय’ असे विचारले, तर तो बाहेरच्या प्रश्नावर अवलंबून आहे आणि दर खात्यागणिक त्याचे उत्तर निराळे. पहिल्याला असंबद्ध आणि दुसऱ्याला सहसंबद्ध सबक्वेरी म्हणतात. माणसाला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. नियोजकालाही तो तसाच दिसावा, यासाठी गेली चार दशके संशोधकांची खटपट चालू आहे.

दोन वह्या आणि एक कारकून

संगणक क्षणभर बाजूला ठेवून जुन्या पेढीवरचा कारकून डोळ्यांपुढे आणावा. त्याच्यापुढे दोन वह्या आहेत. एकीत एक लाख खातेदारांची यादी, तर दुसरी रोजकीर्द. तिच्यात तारीखवार पन्नास लाख नोंदी, असे समजू. व्यवहार न झालेली खाती शोधण्याचा सर्वांत भाबडा मार्ग म्हणजे यादीतील प्रत्येक नाव घेऊन रोजकीर्द पहिल्या पानापासून चाळणे. यात पन्नास हजार कोटी वेळा नोंद तपासण्याची पाळी येऊ शकते. दुसरा मार्ग असा की, रोजकीर्द एकदाच वाचायची, वाचताना यादीतील त्या त्या नावापुढे खूण करायची आणि अखेरीस खूण नसलेली नावे उतरवून घ्यायची. तिसऱ्या मार्गासाठी खतावणी लागते. रोजकीर्दीतील नोंदी खातेवार मांडून ठेवलेली ही वही म्हणजे डेटाबेसच्या परिभाषेतला इंडेक्सच. ती हाताशी असेल तर प्रत्येक खात्याचे पान उघडून शेवटची तारीख पाहिली की पुरे.

दुसरा मार्ग उत्तम आणि पहिला मूर्खपणाचा, असे येथे वाटेल. पण ते सरसकट खरे नाही. यादीतील केवळ दहा खात्यांविषयी विचारणा असेल आणि खतावणी तयार असेल, तर दहा पाने उघडणारा कारकून पन्नास लाख नोंदी वाचणाऱ्याच्या कितीतरी आधी मोकळा होईल. म्हणजे आतला प्रश्न पुन:पुन्हा सोडवणे हे स्वत:हून वाईट नाही. बाहेर किती ओळी आहेत, आत किती, आणि मध्ये खतावणी आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. नियोजक हा हिशेब अंदाजाने करतो. त्याचा अंदाज चुकला, किंवा दुसरा मार्ग अस्तित्वात आहे हेच त्याला ओळखता आले नाही, की त्याच्यावर प्रभाव टाकण्याची गरज भासू लागते.

सान होजेपासून आरंभ

आयबीएमच्या सान होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. तेथेच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा सादर केली, जी पुढे एसक्यूएल झाली. एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न घालण्याची सोय या भाषेत आरंभापासून होती, किंबहुना तिला मानाचे स्थान होते. त्याच संस्थेच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध आजच्या बहुतेक नियोजकांचा मूळपुरुष मानला जातो. प्रत्येक संभाव्य मार्गाची किंमत अंदाजाने काढायची आणि सर्वांत स्वस्त मार्ग निवडायचा, ही त्यातील पद्धत.

सबक्वेरीबाबत मात्र त्या निबंधाची भूमिका साधी होती. असंबद्ध असेल तर आतला प्रश्न आधी एकदा सोडवावा. सहसंबद्ध असेल तर बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा सोडवावा. बाहेरच्या ओळी क्रमाने लावलेल्या असतील आणि लागोपाठच्या दोन ओळींत तेच मूल्य असेल, तर आधीचेच उत्तर वापरावे, एवढी एक युक्ती त्यात सुचवली होती. भाबडा कारकून थोडा शहाणा झाला होता, पण त्याची येरझार थांबली नव्हती.

ती थांबवण्याचा मार्ग वॉन किम यांनी १९८२ साली दाखवला. आतल्या प्रश्नांचे प्रकार पाडून त्यांनी प्रत्येकाचे रूपांतर जोडणीत, म्हणजे जॉइनमध्ये, कसे करावे याचे नियम दिले. एकदा जोडणी झाली की नियोजकाला सारे मार्ग खुले होतात. तो कोणतेही टेबल आधी घेऊ शकतो. या रूपांतराला ‘अननेस्टिंग’ म्हणतात. मराठीत त्याला प्रश्न उलगडणे म्हणता येईल.

हरवलेले शून्य

किम यांच्या नियमांत एक चूक होती. १९८०च्या दशकाच्या मध्यास वेर्नर कीसलिंग यांनी ती उघड केली आणि तेव्हापासून ती ‘काउंट बग’ या नावाने ओळखली जाते. सबक्वेरीच्या नियोजनात पणाला काय लागलेले असते, हे तिच्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

मूळ उदाहरण सुट्या भागांच्या कोठारातील आहे. ज्या भागांचा शिल्लक साठा, एका ठरावीक तारखेपूर्वी आलेल्या त्या भागाच्या खेपांच्या संख्येइतका आहे, ते भाग दाखव, असा तो प्रश्न. समजा, एका भागाचा साठा शून्य आहे आणि त्याची एकही खेप आलेली नाही. शून्य बरोबर शून्य. हा भाग उत्तरात यायलाच हवा. प्रत्येक भागासाठी आतला प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला तर तो येतोही. पण किम यांच्या नियमानुसार आधी खेपांचे भागवार गट पाडून मोजणी करायची आणि मग त्या मोजणीच्या तक्त्याशी भागांची यादी जोडायची. ज्या भागाची खेपच नाही त्याचा गट पडत नाही, गट नाही म्हणून मोजणीच्या तक्त्यात त्याची ओळ नाही, आणि ओळ नाही म्हणून जोडणीत तो गळून पडतो. उत्तर झटपट मिळते, पण ते चुकीचे असते.

रिचर्ड गॅन्स्की आणि हॅरी वाँग यांनी १९८७ मध्ये यावर उपाय मांडला. आधी भागांची यादी खेपांशी बाह्य जोडणीने, म्हणजे आउटर जॉइनने, जोडावी. यात जोड न मिळालेली ओळही रिकाम्या रकान्यांसह टिकून राहते. मग गट पाडावेत आणि मोजताना ओळी न मोजता खेपेचा भरलेला रकाना मोजावा, म्हणजे रिकाम्या रकान्याची मोजणी शून्य येते. आज घाईत एखादी संथ क्वेरी हाताने उलगडणारे अनेक अभियंते नेमकी हीच चूक नव्याने करतात. अहवाल वेगाने येऊ लागला म्हणून कौतुक होते आणि शून्य व्यवहारांचे ग्राहक त्या अहवालातून नाहीसे झाल्याचे कित्येक महिन्यांनी कोणाच्या तरी लक्षात येते.

डाग पडलेली नोंद

दुसरा सापळा एसक्यूएलच्या ‘नॉट इन’ या शब्दप्रयोगात आहे. व्यवहार न झालेली खाती शोधण्यासाठी ‘ज्यांचा क्रमांक व्यवहारांच्या यादीत नाही’ असे लिहिणे सर्वांना सहज सुचते. आता कल्पना करावी की, रोजकीर्दीतील एका नोंदीवर शाई सांडली असून तिचा खाते क्रमांक वाचता येत नाही. डेटाबेसमध्ये अशा रिकाम्या मूल्याला ‘नल’ म्हणतात. कारकुनाला विचारले की, क्रमांक ४५१ या खात्यावर व्यवहार झालाच नाही असे तू शपथेवर सांगशील का? प्रामाणिक कारकून नकार देईल, कारण ती डाग पडलेली नोंद कदाचित ४५१चीच असेल. हेच उत्तर तो खूण नसलेल्या प्रत्येक खात्याबाबत देईल. एसक्यूएलचे तर्कशास्त्र असेच त्रिमूल्य आहे. होय, नाही आणि अज्ञात. परिणामी यादीत एक जरी नल असला, तरी ‘नॉट इन’चे उत्तर एकही ओळ न देता संपते.

‘नॉट एक्झिस्ट्स’ या प्रयोगात ही अडचण नाही. तेथे प्रश्न ‘या खात्याशी जुळणारी नोंद सापडली का’ एवढाच असतो आणि डाग पडलेली नोंद कोणाशीच जुळत नाही. अर्थातील हा फरक नियोजकाला बांधून टाकतो. जुळणी न झालेल्या ओळी थेट निवडणारी प्रतिजोडणी, म्हणजे अँटी जॉइन, त्याला ‘नॉट एक्झिस्ट्स’साठी निर्धास्तपणे वापरता येते, ‘नॉट इन’साठी वापरायची तर रकान्यात नल असूच शकत नाही याची खात्री हवी, किंवा नलची जाण असलेली खास प्रतिजोडणी हवी. ओरॅकलने अशी खास प्रतिजोडणी २००७ सालच्या ११जी आवृत्तीत आणली. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००९च्या ८.४ आवृत्तीपासून ‘नॉट एक्झिस्ट्स’ला प्रतिजोडणीचा लाभ मिळू लागला, ‘नॉट इन’ला मात्र त्यानंतरही बराच काळ तो मिळाला नाही.

त्या प्रणालीत ‘नॉट इन’ची आतली यादी नेमून दिलेल्या स्मृतीत मावेल असा अंदाज असेल, तर तिचे हॅश टेबल बनवून काम चटकन उरकले जाते. अंदाज त्या मर्यादेपलीकडे गेला की बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी यादी नव्याने चाळण्याची वेळ येते. म्हणून दोन वर्षे सुरळीत चाललेली क्वेरी, एक अक्षरही न बदलता, एखाद्या सकाळी अचानक संपेनाशी होते. त्यामागे बिघाड नसतो. टेबल वाढून उंबरठ्यापलीकडे गेलेले असते. अशा वेळी रकान्यावर ‘नॉट नल’ हे बंधन घालणे आणि ‘नॉट इन’च्या जागी ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहिणे, हे दोन्ही उपाय नियोजकाला दरडावण्याऐवजी खरा अर्थ सांगतात. प्रभाव टाकण्याच्या साऱ्या मार्गांत हा सर्वांत टिकाऊ आहे.

आराखडा वाचणे

नियोजकाने काय ठरवले हे पाहिल्याविना त्याला काही सुचवू जाणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे. जवळपास प्रत्येक प्रणालीत ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा आहे. ती नियोजकाचा आराखडा दाखवते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या आराखड्यात ‘इनिटप्लॅन’ दिसला तर आतला प्रश्न एकदाच सुटणार आहे. ‘सबप्लॅन’ दिसला आणि त्यापुढे ‘हॅश्ड’ असा उल्लेख नसला, तर तो बाहेरच्या ओळीगणिक सुटणार असल्याची शक्यता मोठी. मायएसक्यूएल अशाच प्रसंगी ‘डिपेंडंट सबक्वेरी’ असा शेरा देते.

‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ ही आज्ञा त्यापुढे जाऊन क्वेरी प्रत्यक्ष चालवते आणि अंदाजाशेजारी वस्तुस्थिती मांडते. येथे एक बारकावा अनेकांना फसवतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आतल्या भागापुढे दिलेला वेळ एका फेरीचा सरासरी वेळ असतो. शेजारीच ‘लूप्स’ म्हणून फेऱ्यांची संख्या दिलेली असते. ०.०५ मिलिसेकंद हा आकडा पाहून डोळे पुढे सरकतात, पण फेऱ्या दहा लाख असतील तर गुणाकार पन्नास सेकंदांचा होतो.

नियोजकाने एका टप्प्यावर दहा ओळी अपेक्षिल्या आणि प्रत्यक्षात दोन लाख आल्या, असे आराखड्यात दिसले तर दोष बहुधा सबक्वेरीचा नसून आकडेवारीचा असतो. टेबलातील मूल्यांचे नमुने घेऊन प्रणाली ही आकडेवारी बाळगते आणि ‘अ‍ॅनलाइझ’ आज्ञेने ती ताजी होते. मोठी भरणा झाल्यावर ही आज्ञा द्यायची राहून गेली, की नियोजक जुन्या जनगणनेवर नव्या शहराचे पाणीवाटप ठरवतो. शिवाय दोन रकाने एकमेकांत गुंतलेले असले, उदाहरणार्थ शहर आणि पिनकोड, तर त्यांना स्वतंत्र समजून केलेला अंदाज फार कमी येतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७च्या १०व्या आवृत्तीपासून अशा जोड्यांची संयुक्त आकडेवारी मागून घेता येते.

सूचना आणि कुंपणे

अर्थ स्पष्ट लिहिला, आकडेवारी ताजी केली, आवश्यक तो इंडेक्स घातला, तरीही नियोजक चुकतो असे प्रसंग येतात. मग थेट हस्तक्षेपाची वेळ येते. त्याचे दोन पंथ आहेत.

ओरॅकलचा पंथ सूचनांचा, म्हणजे हिंट्सचा. क्वेरीच्या आत एका विशिष्ट टिप्पणीत ‘अननेस्ट’ लिहिले तर सबक्वेरी उलगड, ‘नो अननेस्ट’ लिहिले तर उलगडू नकोस, ‘पुश सबक्यू’ लिहिले तर न उलगडलेली सबक्वेरी शक्य तितक्या लवकर तपास, असे नियोजकाला सांगता येते. ही सूचना टिप्पणीच्या रूपात असल्याने तिच्यात शुद्धलेखनाची चूक झाली तर प्रणाली त्रुटी दाखवत नाही; निमूटपणे दुर्लक्ष करते. आपण आज्ञा दिली या समाधानात लिहिणारा राहतो आणि आराखडा जसा होता तसाच राहतो. वस्तुत: ओरॅकलला स्वत:लाच उलगडण्याचा सरसकट नियम सोडावा लागला होता. १०जी या आवृत्तीपासून, सबक्वेरी उलगडून आणि न उलगडता अशा दोन्ही मार्गांची किंमत काढून मगच निर्णय घेण्याची पद्धत तेथे रूढ झाली. दहा खात्यांसाठी खतावणी बरी आणि लाखासाठी रोजकीर्द, हाच तो हिशेब.

पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकांनी मूळ प्रणालीत अशा सूचनांना जागा देण्यास दीर्घकाळ विरोध केला. सूचना लिहिणारा आजच्या टेबलांकडे पाहून लिहितो. टेबले वाढतात, आवृत्त्या बदलतात, पण सूचना तशीच राहते आणि पुढे सुधारलेल्या नियोजकालाही ती जखडून ठेवते. शिवाय सूचनेने काम भागले की नियोजकातील मूळ दोष कोणी कळवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ज्यांना सूचना हव्याच होत्या त्यांच्यासाठी ‘पीजी हिंट प्लॅन’ नावाची जोडप्रणाली निघाली. मूळ प्रणालीत मात्र काही खटके उपलब्ध आहेत. विशिष्ट प्रकारची जोडणी तात्पुरती नाउमेद करता येते. ‘फ्रॉम कोलॅप्स लिमिट’ हा आकडा, जो मुळात ८ असतो, आतल्या प्रश्नांतील टेबले बाहेरच्या यादीत कुठवर मिसळू द्यायची ते ठरवतो.

याखेरीज वापरकर्त्यांनी दोन कुंपणे शोधून काढली. आतल्या प्रश्नाच्या शेवटी ‘ऑफसेट शून्य’ लिहायचे, हे पहिले. पहिल्या शून्य ओळी वगळ, असे सांगण्याला व्यवहारात काही अर्थ नाही; पण ते लिहिले असताना नियोजक त्या सबक्वेरीला बाहेरच्या प्रश्नात मिसळत नाही. दुसरे कुंपण ‘विथ’ या शब्दाचे. त्याने आतला प्रश्न वर काढून त्याला नाव देता येते. ८.४ आवृत्तीत ही सोय आली तेव्हापासून पोस्टग्रेएसक्यूएल असा भाग आधी स्वतंत्रपणे सोडवून त्याचे उत्तर बाजूला ठेवत असे. दस्तऐवजांत नोंदलेले हे वर्तन हळूहळू एक साधन झाले. जेथे नियोजकाला थोपवायचे तेथे ‘विथ’ लिहायचे, ही रीत पडली.

कुंपणाचा उपयोग केवळ वेगासाठी नसतो. एका रकान्यात काही ओळींत अंक आणि काहींत मजकूर आहे असे समजू. आतल्या प्रश्नाने अंक असलेल्या ओळी तेवढ्या गाळून घ्यायच्या आणि बाहेरच्याने त्यांचे संख्येत रूपांतर करून तुलना करायची, असे लिहिणाऱ्याच्या मनात असते. नियोजक दोन्ही प्रश्न एकत्र मिसळतो आणि अटी आपल्या सोयीच्या क्रमाने तपासतो. रूपांतर आधी झाले की मजकुराच्या पहिल्याच ओळीवर क्वेरी त्रुटी देऊन थांबते. कंस पाहून क्रमाची खात्री बाळगणाऱ्याला हे अन्यायाचे वाटते; पण एसक्यूएलमध्ये कंस अर्थ सांगतात, वेळापत्रक नव्हे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीने ‘विथ’चे कुंपण काढले. नाव दिलेला भाग एकदाच वापरला असेल, तो स्वत:लाच पुन्हा हाक मारणारा नसेल आणि त्याचे काही दुष्परिणाम नसतील, तर तो आता साध्या सबक्वेरीप्रमाणे बाहेरच्या प्रश्नात मिसळला जातो. बहुसंख्यांच्या क्वेरी त्यामुळे वेगवान झाल्या. ज्यांनी त्या कुंपणावर भिस्त ठेवली होती, त्यांच्यापैकी काहींच्या क्वेरी मात्र संथ झाल्या. त्यांच्यासाठी त्याच आवृत्तीत ‘मटेरियलाइज्ड’ हा शब्द आला. तो लिहिला की जुने वर्तन परत मिळते. ‘नॉट मटेरियलाइज्ड’ लिहिले की उलट. इतकी वर्षे सूचनांना नकार देणाऱ्या प्रणालीने एक सूचना भाषेच्या व्याकरणातच स्वीकारली, असे याकडे मिस्किलपणे पाहता येईल.

मायएसक्यूएलचा धडा

कुंपण नको असताना घातले गेले तर काय होते, याचे उदाहरण मायएसक्यूएलने पुरवले. तिच्या ५.५पर्यंतच्या आवृत्त्यांत ‘इन’च्या आतला स्वतंत्र प्रश्न नियोजक स्वत:च सहसंबद्ध बनवत असे आणि मग बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी तो सोडवत बसे. एकदा सोडवून भागणारे काम लाखदा होई. यातून ‘सबक्वेरी कधी लिहू नये, जॉइनच लिहावा’ हा उपदेश जन्मला आणि संगणक वर्गांतून पाठ करवला जाऊ लागला. २०१२ साली मारियाडीबीच्या ५.३ आणि २०१३ साली मायएसक्यूएलच्या ५.६ आवृत्तीने अर्धजोडणी, म्हणजे सेमी जॉइन, आणि आतले उत्तर साठवून ठेवण्याची पद्धत आणून हा दोष बव्हंशी दूर केला. उपदेश मात्र त्यानंतरही टिकून राहिला.

तो निरुपद्रवीही नाही. ‘व्यवहार झालेली खाती’ साध्या जॉइनने काढली तर तीन व्यवहारांचे खाते उत्तरात तीनदा येते. ते झाकण्यासाठी ‘डिस्टिंक्ट’ लिहून पुनरुक्ती काढावी लागते, म्हणजे आधी पसारा वाढवायचा आणि मग आवरायचा. अर्धजोडणी पहिली जुळणी सापडताच थांबते आणि ‘एक्झिस्ट्स’ लिहिणाऱ्याला ती आपोआप मिळू शकते. मायएसक्यूएलमध्ये आज ‘ऑप्टिमायझर स्विच’ या खटक्याने अथवा ‘सेमीजॉइन’ आणि ‘नो सेमीजॉइन’ या सूचनांनी हा निर्णय हाती घेता येतो, ८.०.१७ या २०१९ सालच्या आवृत्तीपासून प्रतिजोडणीही तेथे आली.

पवई, म्युनिक आणि पुढे

येरझार पूर्ण थांबवता येत नसेल तर ती निदान शहाणपणाने करावी, या दिशेने मुंबईतही काम झाले. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक एस. सुदर्शन हे डेटाबेसवरील जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. रवींद्र गुरवन्नवर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी २००५ मध्ये, बाहेरून येणारी मूल्ये योग्य क्रमाने लावली तर सहसंबद्ध प्रश्नाच्या फेऱ्या कशा स्वस्त होतात, याचा नियोजकाच्या अंगाने अभ्यास मांडला. सेलिंजर यांच्या १९७९च्या युक्तीचाच हा दूरवर नेलेला विस्तार म्हणता येईल. पोस्टग्रेएसक्यूएलनेही २०२१च्या १४व्या आवृत्तीत ‘मेमोइझ’ हा घटक आणला. आतल्या बाजूने एकदा काढलेले उत्तर तो लक्षात ठेवतो आणि तेच मूल्य पुन्हा आले की शोध टाळतो; मात्र त्याची मदत जोडणीच्या आतल्या बाजूला मिळते, सुट्या ‘सबप्लॅन’ला नव्हे. त्यामुळे येथेही सबक्वेरी जोडणीच्या रूपात मांडणाऱ्याचा फायदा होतो.

सर्व सहसंबद्ध सबक्वेरी उलगडता येतील काय, या जुन्या प्रश्नाला म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील थॉमस नॉयमान आणि आल्फोन्स केंपर यांनी २०१५ साली ‘होय’ असे उत्तर दिले. बाहेरून येणाऱ्या मूल्यांतील पुनरुक्ती काढून त्यांचा एक छोटा तक्ता करायचा आणि तो आतल्या प्रश्नात टप्प्याटप्प्याने खाली ढकलत न्यायचा, अशी त्यांची पद्धत. अ‍ॅमस्टरडॅम येथे जन्मलेल्या डकडीबी या प्रणालीने तिचा अवलंब केला आहे. जुन्या प्रणाली याच दिशेने, पण पायरीपायरीने जात आहेत. सहसंबद्ध ‘इन’ सबक्वेरीचे जोडणीत रूपांतर करण्याची क्षमता पोस्टग्रेएसक्यूएलला २०२४च्या १७व्या आवृत्तीत मिळाली. त्याआधी तेथे ‘एक्झिस्ट्स’ असे हाताने लिहून द्यावे लागे.

जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असणाऱ्या एसक्यूलाइट या छोट्या प्रणालीचा नियोजकही सबक्वेरी बाहेरच्या प्रश्नात मिसळण्याचा प्रयत्न करतो आणि तेथेही त्याला थोपवण्याची गरज पडत असे. २०२१ साली आलेल्या ३.३५.० आवृत्तीने त्यासाठी नवा शब्द न शोधता पोस्टग्रेएसक्यूएलचाच ‘मटेरियलाइज्ड’ उचलला. फरक एवढाच की, पोस्टग्रेएसक्यूएल तो शब्द आज्ञा म्हणून पाळते, तर एसक्यूलाइटचे दस्तऐवज त्याला केवळ सूचना म्हणतात.